सरदारांच्या मेजावरचा बारशिंगा

मी चांदीचा बारशिंगा बोलतोय. माझं रूप बघून भुलू नका, आधी ऐकून घ्या.

माझा जन्म जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरातला. योब्स्ट नावाच्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि वर सोन्याचं पाणी चढवलं. माझं पोट पोकळ, त्यात वाइन भरायची. मुंडकं उचललं की झाला पेला. पायांखालच्या बैठकीत चाकं आणि घड्याळासारखं यंत्र. चावी दिली की मी मेजावरून चालत सुटतो. ज्याच्यासमोर थांबेन त्याने मला एका दमात रिकामं करायचं. बड्या लोकांना प्यायलासुद्धा निमित्त लागतं!

राउटेनफेल्सच्या सरदार एबरहार्टने मला घरी आणलं. नोव्हेंबरात येणाऱ्या सेंट मार्टिनच्या सणाच्या जेवणात मी त्याच्या भावासमोर थांबलो; नाताळाआधीच तो गेला. पुढच्या वर्षी मेव्हण्यासमोर. तोही गेला. नोकर मला पुसताना क्रूसाची खूण करू लागले. मलाही माझी भीती वाटू लागली. खरं सांगतो, कुठे थांबायचं ते मी ठरवत नव्हतो.

पुढच्या सणाला सरदारीणबाई वालबुर्गा नवऱ्याला म्हणाली, "यंदा ते जनावर मेजावर नको. आपला वेंडेल पहिल्यांदाच मोठ्यांच्या पंगतीला बसतोय."

"म्हणजे पाहुण्यांनी मला भित्रा म्हणायचं? पुरे तुझ्या भाकडकथा!"

दुपारी दालनात कुणी नसताना ती आली. केसातला आकडा काढून तिने माझं पुढचं चाक स्वतःच्या खुर्चीकडे वाकवलं. "माझ्याकडेच ये हं," ती कुजबुजली.

संध्याकाळी भाजलेला हंस वाढून झाला आणि चावी फिरली. मी निघालो, वळलो आणि थेट तिच्यासमोर थांबलो. मला पाहून सुटकेचं हसू आलेला तो पहिलाच चेहरा. तिने हात पुढे केला, तोच वेंडेल उठला.

"आई, एवढी वाइन तुला कुठली झेपायला! बाईमाणसाचा पेला मुलाने प्यायचा, ही आपली रीतच आहे."

"नको! वेंडेल, ठेव तो खाली!"

"बघा, बघा! आईला एक घोटसुद्धा सोडवत नाहीये!"

सगळे खो खो हसले. त्याने माझं मुंडकं उचललं आणि मला तळापर्यंत रिकामं केलं.

वसंतात साध्या तापाने त्याला नेलं.

त्यानंतर दर सणाला ती एकटीच मेजाशी बसे. बाकीच्या खुर्च्या तिने काढून टाकल्या होत्या. ती मला भरे, चावी देई. चाक तिच्याकडेच वाकलेलं, आणि मीही जीव तोडून तिच्याकडे वळू बघे. तरी मी सरळच जाई आणि वेंडेल बसायचा त्या जागी थांबे.

"अरे, माझ्याकडे ये ना रे," पार म्हातारी होईपर्यंत ती विनवत राहिली.

आता मी संग्रहालयात काचेआड आहे. मुलं काचेला नाक लावून रखवालदाराला म्हणतात, "काका, चालवून दाखवा ना!" त्यांच्यामागे कुणाची तरी आई उभी असते. तिच्यासाठी तरी माझी चावी नदीत फेकून द्या.