नेम

छर्रा इवलासा, शिशाचा, चिमटीत जरा जोरानं धरला तर कड दबेल असा — निवेदितानं तो पिस्तुलात सरकवला, हात वर झाला, चाप दाबला गेला. दहा. पुन्हा दहा. येलहंक्याच्या तळावरून हवाई दलाचं विमान गेलं असावं, कारण शेजारच्या मुलीनं वैतागून हात खाली घेतला; हिला मात्र आवाज कळलाच नाही...

पूर्वी सगळं कळायचं. जयनगरहून स्कूटरवर तिला घेऊन येणारे तिचे वडील, अण्णा, मागच्या खुर्चीत बसायचे, आणि खोकायचे — रुमाल तोंडावर दाबून, तिला त्रास नको म्हणून. आणि नेमकं ते जपणंच तिला ऐकू यायचं. नेम ढळायचा. "लक्ष कुठं जातं ते लिहीत जा," देवश्री म्हणाली होती. ती पुण्याची, खेळाडूंकडून एकाग्रतेचा सराव करून घेणारी. महिनाभरानं तिनं वही उघडली, तर पानोपानी एकच नाव. "मग त्यांना थोडे दिवस आणू नकोस ना. सिम्पल आहे."

सोपंच होतं. अण्णा पायरीवर बसून तिचे बूट पुसत होते.

"अण्णा, उद्या तुम्ही येऊ नका."

"सरी, पुट्टी, नाही येत," हात न थांबवता ते म्हणाले, "मलाही घरी स्वल्प काम आहे."

कसलं काम? आई गेल्यापासून घरात होतीच किती माणसं... दुसऱ्या दिवशी ती इथं नेम धरून उभी होती, फोन बॅगेत बंद, आणि अण्णा स्वयंपाकघराच्या दारात पडले ते दुपारपर्यंत तसेच. शेजारच्या सुशीलाबाईंना खिडकीतून दिसले. 'सकाळीच कुणी जवळ असतं तर वाचले असते,' असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला आज तेवीस दिवस. 'येऊ नका' म्हटल्याचं तिनं अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

निवड चाचणीचा साठावा, शेवटचा नेम. पडद्यावर सहाशेपैकी पाचशे त्र्याऐंशी — आजवरचे तिचे सर्वांत जास्त गुण. राज्याच्या संघात जागा नक्की. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

देवश्री हलक्या पावलांनी जवळ आली. "मला वाटलं होतं, तुला आज उभंही राहवणार नाही. लक्ष कुठं कुठं गेलं?"

"कुठंच नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

देवश्रीचे डोळे भरून आले. निवेदिता त्या डोळ्यांकडे बघत राहिली. आत्ता सांगावं हिला, असं वाटलं. मग तेही विरलं. तासाभरात अण्णा एकदासुद्धा आठवले नाहीत — याचं वाईट वाटेल म्हणून ती थांबली, बराच वेळ थांबली... काहीच वाटलं नाही. निदान एक नेम, साठातला एक, त्यांच्यापायी चुकायला हवा होता. आणि मग भीतीसारखं काहीसं जाणवलं, इतकं पुसट की भीतीच होती की नाही, कोण जाणे.

तिनं उजवा हात समोर धरला. अगदी स्थिर होता. तो थरथरावा म्हणून ती त्याच्याकडे एकटक बघत राहिली.