जानेवारीच्या गोळ्या

तुम्ही माझ्या नवऱ्याला मारायला निघाला होतात. मुद्दाम नाही, हे मला कळतं. मुद्दाम मारायचं तर माणूस आधी दिसावा लागतो, आणि आम्ही तुम्हाला कधी दिसलोच नाही. तुम्ही वर कुठेतरी खुर्चीत बसून एक पत्र पाठवलंत, 'कळवले' अशी खूण केलीत आणि जेवायला गेलात.

ते पत्र आम्ही जाळलं. मीच सांगते, म्हणजे शोधायचे कष्ट नकोत.

ऑक्टोबर लागला की आमच्या दाराशी पाकिटांचा पाऊस पडतो. पासष्टीच्या पुढच्यांना सरकारची औषध योजना आहे, पण ती विकतात कंपन्या, आणि नाव घालायची मुदत संपेपर्यंत, म्हणजे सात डिसेंबरपर्यंत, त्या आमच्या मागे हात धुऊन लागतात. प्रत्येक पाकिटावर पांढऱ्या केसांचं एक हसरं जोडपं आणि लाल अक्षरांत 'महत्त्वाचे, ताबडतोब उघडा'. आम्हाला त्यातलं काही नको होतं. माझा नवरा रोझेर कागदाच्या गिरणीत अडतीस वर्षं राबला होता. गिरणी बंद पडली तरी निवृत्तांच्या औषधांचं गिरणीचा फंड बघत होता. त्यामुळे ती पाकिटं रोझेर रोज सकाळी चुलाण्यात घालायचा आणि त्यावर लाकडं रचायचा. गावात निम्मी घरं हेच करतात. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मेन राज्यातल्या थंडीत फुकटचा कागद कोण टाकून देतं?

तुमचं, म्हणजे फंडाचं पत्रही तसल्याच पाकिटातून आलं. वर तीच लाल अक्षरं. गेलं चुलाण्यात.

एक डिसेंबरला औषधांच्या दुकानात काउंटरवरची पोर म्हणाली, "मिसेस वलेट, हे कार्ड एकतीस तारखेपर्यंतच चालेल. नवीन कुठलं घेतलंत?"

"नवीन कशाला?"

"गिरणीचा फंड औषधं बंद करतोय ना. ऑक्टोबरमध्ये पत्र आलं असेल."

रोझेर माझ्याकडे बघेना. मी रोझेरकडे बघेना.

रोझेरचं हृदय नीट ठोके देत नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. डॉक्टरीणबाईंनी बोट नाचवून बजावलं होतं, एकही चुकवायची नाही, गुठळी झाली तर थेट मेंदूत जाईल. विम्याशिवाय त्या गोळ्यांची महिन्याची किंमत त्या पोरीने सांगितली तेव्हा रोझेर म्हणाला, "एवढ्यात माझा पहिला ट्रक आला होता."

घरी येऊन मी सरकारी योजनेला फोन लावला. पन्नास मिनिटं होल्डवरची बासरी ऐकली. मग एक गोड आवाज म्हणाला, "योजना मिळेल मॅडम, पण पासष्टीनंतर इतकी वर्षं तुमच्याकडे औषधांचा विमा होता याचं पत्र दाखवा. नाहीतर उशिराचा दंड लागू शकतो."

"किती दिवस?"

"योजना असेपर्यंत."

"म्हणजे मरेपर्यंत."

"असंही म्हणता येईल," आवाज म्हणाला. "आणखी काही मदत करू?" असली पत्रंही त्या पाकिटांबरोबर चुलाण्यातच गेली होती.

बुधवारी मी शिकारीचे कोट कपाटात टांगत होते. हरणांचा मोसम संपला होता. रोझेरच्या नारिंगी कोटाच्या खिशात काहीतरी खुळखुळलं. ॲस्पिरिनची जुनी बाटली, आणि तिच्यात चार गोळ्या. ॲस्पिरिनच्या नव्हेत.

"हे काय आहे?"

"गोळ्या."

"ते दिसतंय. माझे डोळे शाबूत आहेत अजून."

"जानेवारीच्या आहेत त्या," तो म्हणाला. "संध्याकाळची ठेवून देतो. काही होत नाही, ओडिल. मला छान वाटतंय."

"कधीपासून?"

"दुकानातून आलो त्या दिवसापासून."

"आज तीन तारीख. दोनच संध्याकाळी झाल्या, मग चार गोळ्या कशा?"

म्हणजे सकाळच्याही गेल्या होत्या. पन्नास वर्षं संसार केला, या माणसाला मला धड थापही मारता आली नाही. मी त्याच्यासमोर गोळी धरली आणि तो गिळेपर्यंत हलले नाही. गिळल्यावर म्हटलं, "जीभ वर कर." त्याने केली. शहात्तर वर्षांचा बाप्या.

शनिवारी चर्चच्या तळघरात घेवड्याचं जेवण असतं. काकवीत रात्रभर शिजवलेले दाणे, डुकराची चरबी, लाल सॉसेजेस. माझी भाची क्लॉडेट सरकारी प्रशिक्षण घेऊन म्हाताऱ्यांना योजना निवडायला फुकट मदत करते. आधी ती नगरपालिकेच्या खोलीत बसायची. तिथे कुत्रं फिरकलं नाही. मग तिने लॅपटॉप उचलला आणि शनिवारी तळघरात काकवीच्या केकशेजारी टेबल मांडलं. पोरीने आम्हाला बरोबर ओळखलंय.

"मोनोंक रोझेर, या इकडे," ती म्हणाली. आमच्या घरच्या फ्रेंचमध्ये मोनोंक म्हणजे काका, मातांत म्हणजे मावशी.

"मी केक घ्यायला आलोय."

"घ्या ना. बसून खा."

तो बसला. मी पर्समधून पावाची पिशवी काढली आणि तिच्यातल्या औषधांच्या सगळ्या बाटल्या टेबलावर ओतल्या. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची चड्डीच टेबलावर वाळत घातली होती.

क्लॉडेटने एकेक नाव टाईप केलं. योजना होत्या. गोळी त्यांत होती. पण हप्ता, वर दंड, वर दर बाटलीमागे आमचा वाटा. रोझेरने अर्धा केक बाजूला सारला.

मग क्लॉडेट खाली वाकली आणि कुजबुजली, "मातांत, एक जादा मदत असते. मिळाली तर हप्ता जवळजवळ नाहीच, बाटलीमागे थोडेच डॉलर, आणि उशिराचा दंड माफ. जुनं पत्रसुद्धा लागत नाही. घर आणि गाडी धरत नाहीत. फक्त महिन्याला तुमच्याकडे किती पैसे येतात ते सांगावं लागेल."

आता हे ऐका. आमच्या गावात माणूस जेवताजेवता आपल्या मूळव्याधीचं ऑपरेशन टाक्यांसकट सांगेल. पण महिन्याला किती येतात हे सख्ख्या भावाला सांगणार नाही. आमच्या आयांनी तशीच शिस्त लावली. गिरणीतल्या दोन मशीनवर शेजारी-शेजारी उभे राहिलेल्यांनाही एकमेकांचा पगार ठाऊक नव्हता, आणि मालकांचं त्यात भलंच झालं.

रोझेर उठला. "बंद कर ते यंत्र. मी कुणाकडे हात पसरलेला नाही."

"हात नाही पसरायचा, मोनोंक. सही करायची."

"घरी चल, ओडिल."

मला त्या चार गोळ्या दिसत होत्या. मी खुर्चीवरून उठले आणि आमची मिळकत सांगितली. त्याचं पेन्शन, माझं पेन्शन, दोन्ही मिळून. कुजबुजत नाही. बुटांच्या कारखान्यात मशीनच्या आवाजावर मी तीस वर्षं बोलले आहे, मला आवाज आहे.

सगळ्या तळघरात चमचे थांबले. पाद्रीबाबा वाढायचा डाव हातात धरून तसेच उभे. रोझेरचे कान सॉसेजसारखे लाल झाले.

पलीकडच्या टेबलावरून नॉर्मंड तिबो म्हणाला, "एवढे येतात? आमचे त्याहून कमी आहेत."

हा नॉर्मंड गिरणीत रोझेरचा मुकादम होता; फंड कामगारांचा, मुकादमांना नव्हता. दोघांचं कधी पटलं नाही.

"मी ती मदत चार वर्षं घेतोय," नॉर्मंड म्हणाला.

"तू?" रोझेर वळला. "आणि तो दारातला नवा ट्रक?"

"जावयाचा आहे. मी फक्त धुतो."

आधी नॉर्मंडची बायकोच हसली. मग सगळं तळघर.

"चार वर्षं!" रोझेर ओरडला. "आणि एका शब्दाने बोलला नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू माझ्याशी बोलतोस कुठे!"

रोझेर खाली बसला, उरलेला केक खाल्ला आणि क्लॉडेटला म्हणाला, "कुठे सही?" त्याच्यामागे रांग लागली. क्लॉडेट त्या दिवशी सगळ्यांत शेवटी जेवली, तेही गार दाणे.

मग तीन आठवडे वाट. रोझेर रोज टपालपेटीपर्यंत बर्फ काढायचा, गरज नसली तरी. मी त्याच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ मोजून तोंडात घालत होते. एकोणतीस तारखेला पत्र आलं. तो हातमोजे न काढताच पाकीट फाडायला गेला, जमेना, मग दातांनी फाडलं. 'मंजूर' हा शब्द त्याने रस्त्यावरच मोठ्याने वाचला. शेजारणीने खिडकी उघडून विचारलं, "कोण गेलं?" "कुणी नाही," तो म्हणाला, "कुणीसुद्धा नाही!"

दोन जानेवारीला दुकानातल्या त्याच पोरीने बाटली पिशवीत घातली. रोझेरने ती तिथेच उघडली आणि कोपऱ्यातल्या नळाचं पाणी पिऊन गोळी घेतली. मी न सांगताच जीभ वर करून दाखवली. मी गाडीत जाऊन बसले आणि इतकी हसले की डोळे पुसावे लागले. त्या दुपारी मी तीन तास झोपले. एक डिसेंबरपासून तशी झोप लागली नव्हती.

झालं. आमचं निभावलं. मी तुमचे आभार मानणार नाही, कारण तुम्ही काही केलं नाहीत. केलं ते क्लॉडेटने, आणि नॉर्मंडने तोंड उघडलं म्हणून झालं.

आता विचारते. चर्चसमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लोरियन गॅन्यों राहतो. त्याच गिरणीत तीस वर्षं. गुडघे गेलेत, जिना उतरत नाही, घेवड्याच्या जेवणाला येत नाही. त्यालाही तुमचं तेच पाकीट गेलं. त्याला हे सगळं ठाऊक नव्हतं. काल मी वर जाऊन सांगितलं तेव्हा त्याने माझा हात धरला तो सोडेचना. क्लॉडेट सोमवारी त्याच्याकडे जाणार आहे. म्हणजे तोही निभावेल. पण माझ्या गावात जिने पुष्कळ आहेत आणि माझेही गुडघे एकाहत्तर वर्षांचे आहेत. तुमच्या यादीत आमची सगळ्यांची नावं आहेत, पत्ते आहेत, मजलेसुद्धा आहेत. उरलेल्यांच्या दारावर जाऊन तुमच्यातला कोण टकटक करणार आहे? नाव सांगा.