ऑसबर्टचा नारिंगी

लेनोराने चमच्याच्या दांड्याने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं, आत डोकावून पाहिलं आणि ते पुन्हा दाबून बसवलं. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

पलीकडच्या बेटावरच्या, ब्रिजटाउनच्या चित्रांच्या गॅलरीची मालकीण मिस ग्रीनिज भिंतीला टेकवलेल्या चित्रांसमोर मागेपुढे सरकत होती. चित्रांत बोटी म्हटल्या तर होत्या, नाही म्हटलं तर नुसतेच रंगांचे पट्टे. जांभळं पाणी, हिरवट आभाळ, आणि प्रत्येकात कुठेतरी एक नारिंगी तुकडा.

"हाच तुझा रंग," मिस ग्रीनिज म्हणाली. "जुन्या चित्रांत पिवळट होता, पुढे लालसर झालाय. हा लालसर काळजाला भिडतो. अशी बारा चित्रं दे, ईस्टरला फक्त तुझंच प्रदर्शन लावते. यापुढे तुझी सगळी चित्रं आमची गॅलरीच विकेल."

"रंग जुना आहे. डब्यात राहून लाल पडलाय."

"मग नवा आण."

"दुकानात नाही मिळत तो."

मिळणार कसा? तिच्या भावाने, ऑसबर्टने, तो स्वतःच्या बोटीसाठी नजरेच्या अंदाजाने ढवळला होता. सहा वर्षांपूर्वी तो मासेमारीला गेला. बोटही आली नाही, तोही आला नाही. उरला तो शेडमधला अर्धा डबा.

त्यांच्या कॅरियाकू बेटावर वारलेल्या माणसाच्या कबरीचा दगड कोरून झाला की आधी घरात आणतात, पलंगावर पांढऱ्या चादरीवर निजवतात, गावाला जेवू घालतात आणि मग कबरीवर नेऊन बसवतात. कबर रिकामी असली तरी हे चुकत नाही. तोवर तो माणूस वाटेवरच, पुरता गेलेला नाही. ऑसबर्टचा दगड केव्हाचा तयार होता, पण पाथरवटाच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून उभा होता. कारण आईने बजावलं होतं, "डब्यात माझ्या पोराचा रंग आहे तोवर दगड माझ्या दारात आणायचा नाही." गावाने समजावून पाहिलं आणि नाद सोडला.

म्हणून लेनोरा तो रंग बोटाच्या टोकाएवढाच घ्यायची. बारा चित्रं म्हणजे तिसऱ्यालाच डबा खरवडावा लागणार. मग आईला काय तोंड दाखवायचं? जन्मभर बोटींवर नावं रंगवत जिची वाट पाहिली ती बाई आज दारात उभी होती, आणि लेनोराला तिच्याकडे धड बघवेना.

"उद्याच्या फेरीबोटीने मी परत जाते. तोवर काय ते सांग," म्हणून मिस ग्रीनिज गेली.

लेनोराला बसवेना. ती धक्क्यावर जाऊन आली. धुतलेले ब्रश पुन्हा धुतले. आई पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? बस की जरा."

"मी तिला नाही म्हणून कळवते."

"का? चालून आलेलं कोणी लाथाडतं होय?"

"रंग पुरणार नाही, आई."

आईने हातातली शेंग सोलून संपवली.

"पुरेल."

"तळाशी आलाय तो."

"गेल्या वर्षीही तळाशी आला होता. त्याच्या आदल्या वर्षीही." आईने दाणे भांड्यात टाकले. "तू हिल्सबरोला बाजाराला गेलीस की मी डब्यात नवा ओतते. बोटवाल्यांकडून उरलासुरला मागून आणते, लाल आणि पिवळा. ऑसबर्ट ढवळायचा तेव्हा बघितलं होतं ना मी. आता मोतीबिंदूमुळे मला सगळंच पिवळं दिसतं, म्हणून हातून लाल जरा जास्त पडतो."

लेनोरा खाली बसली. जुनी पिवळट चित्रं, नंतरची लालसर चित्रं, सगळी तिच्या डोळ्यांपुढून गेली.

"त्याने ढवळलेला कधी संपला?"

"पहिल्याच वर्षी. वर साय धरली होती, खाली सगळा वाळून गेला होता. एक दिवस तू डबा हलवून बघत होतीस. तुझा चेहरा मला बघवला नाही."

"मग दगड का नाही आणू दिलास?"

"तू जिवापाड डबा जपत होतीस. कोणत्या तोंडाने सांगू, की संपला म्हणून?"

"मी तुझ्यासाठी जपत होते."

लेनोराला आईचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग तिला रडूच फुटलं. आईने तिला रडू दिलं. तोवर तिने राहिलेल्या शेंगा संपवल्या.

"बारा म्हणाली ना ती? मग पिवळा जास्त मागून आण. आणि ढवळताना जवळ उभी राहा, म्हणजे चुकायचं नाही."

"नको," लेनोराने डोळे पुसले. "तू ढवळतेस तसाच हवाय तिला."

आई गुडघ्यांवर हात देत उठली आणि आतल्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ती बाहेर येईना, तेव्हा लेनोरा दाराशी गेली. ऑसबर्टच्या पलंगावर आई पांढरी चादर अंथरत होती.

"दगड जड आहे," ती मागे न बघता म्हणाली. "चार माणसं सांगून ठेव."