तारीख पुढे ढकलणारं टूल

माझा दादा बोलण्यात पक्का कंजूष. भूक लागली की "वाढ", झोप आली की "दिवा". नोकरी लागली तेव्हा आईला "लागली" एवढंच म्हणाला. कुठे, ते आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. नेत्रपेढीत.

तिथे आता रुग्णांचे फोन माणसासारखा बोलणारा एआय एजंट घेतो. त्याच्या हाताशी बरीच टूल दिलेली असतात: एक तारीख देतं, एक निरोप पाठवतं, असं. कुठलं टूल काय करतं हे शेजारी लिहिलेल्या वर्णनात वाचूनच एजंट ते उचलतो. ती वर्णनं लिहिली माझ्या दादाने. म्हणजे बघा, ज्याच्याइतका कमी बोलणारा गावभर शोधूनही सापडला नसता, त्यालाच नेमकं या कामाला लावलं! "सुटसुटीत झालीत," असं मात्र तो छाती फुगवून सांगायचा.

आईचा एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्याचं बुबुळ पांढरं होत चाललेलं. माझा चेहरा तिला आता वाफ धरलेल्या आरशात दिसावा तसा दिसायचा. कुणीतरी जाताना दिलेलं बुबुळ तिच्यासाठी मिळालं, मंगळवारी शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

सोमवारी दुपारी मी दवाखान्याची पिशवी भरत होते. आई पलंगावर बसून म्हणाली, "एवढी घाई कशाला? मी पुढच्या आठवड्यातली तारीख घेतलीय."

"कुणाकडून?"

"तुमच्या त्या फोनवाल्याकडून. शनिवारीच. काय गोड बोलतो गं! झालं काम, आजी, म्हणाला. काळजी करू नका, म्हणाला."

मी दादाला फोन लावला. मला वाटलं, "बरं" म्हणेल. तो म्हणाला, "लगेच ये." मी पिशवी तशीच टाकून नेत्रपेढी गाठली.

नेत्रपेढीच्या डॉक्टरांनी आम्हाला बसायला सांगितलं, तेव्हाच मी काय ते समजले. तरी ऐकावं लागलंच. तारीख पुढे गेली, तसं यंत्रणेने बुबुळ मोकळं करून यादीतल्या पुढच्या रुग्णाला दिलं. आज सकाळी ते त्या माणसाच्या डोळ्यात बसवूनही झालं होतं.

"परत?" दादाने विचारलं. एवढा एकच शब्द.

"अहो, परत कसं येईल?" डॉक्टर म्हणाले. "बुबुळ काही दिवसच टिकतं. म्हणून तर आपण रुग्णाला आधी बजावतो, मग तारखेला हात लावतो. इथल्या भिंतींनाही माहीत आहे हे."

"एजंटला नव्हतं," दादा म्हणाला.

त्याने वर्णन काढून दाखवलं. 'शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलते.' बस. त्यात खोटं काहीच नव्हतं. एजंटनेही सांगितलेलंच केलं होतं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिले. माझ्या आईची नजर एवढ्याशा ओळीत गेली, हे मला पटेचना. मला दादाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. मी यातलं काहीच केलं नाही.

घरी येऊन मीच आईला सांगितलं. तिला आधी कळलंच नाही. "म्हणजे पुढच्या आठवड्यात नाही?"

"नाही, आई. आता पुन्हा वाट बघायची. किती, ते कुणालाच माहीत नाही."

तिने हात चाचपडत उशी शोधली आणि मांडीवर घेतली. माझा ताबा सुटला. "पण तारीख बदललीस कशाला तू? काय अडलं होतं?"

"अगं, मंगळवारी ह्याचा कार्यक्रम ना," आई दादाच्या दिशेने मान वळवून म्हणाली. "ते फोनचं रीतसर उद्घाटन. हाच म्हणाला, मंगळवारी कार्यक्रम आहे. म्हटलं, पोराने मेहनत घेतलीय, माझ्या डोळ्यापायी कशाला चुकवायचा?"

दादा तिच्याजवळ येऊन बसला.

"आई, मी तिथे जाणारच नव्हतो. रजा घेतली होती. तुझ्यासाठी."

आई अगदी हळू म्हणाली, "मग तेवढं सांगायचं नाहीस का रे?"

ह्या घरात तर ना एजंट होता, ना टूल. मायलेकच होते, एका खोलीत.

बऱ्याच वेळाने दादाने आईच्या पायाशी बसून लॅपटॉप उघडला. लिहीत राहिला. एवढं लिहिताना मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. आईला बोटांची टकटक ऐकू येत होती.

"लिहिलंस?"

"हो."

"मग वाच की. मला कुठे दिसतंय."

दादा वाचू लागला. "हे टूल फक्त तारीख पुढे ढकलतं. बुबुळ थांबत नाही. ते दुसऱ्याला जातं, परत मिळत नाही. वापरण्याआधी रुग्णाला हे स्पष्ट सांगा. तारीख का बदलायची ते विचारा. तरीही हो म्हणाले, तर घरच्या माणसाला फोन करून विचारा, कारण..." त्याने लॅपटॉप मिटायला घेतला.

"थांबू नकोस," आई म्हणाली. "सगळं वाच."