जातच आहेस तर

सायकलच्या दुकानात शिरल्यावर माधवीला सगळ्यात आधी बसावंसं वाटलं. वर्ध्याच्या त्या दुकानात सायकली पन्नास होत्या, पण स्टूल एकही नव्हतं. म्हणून ती एका खांबाला टेकून उभी राहिली.

बावीस वर्षं सेलू तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून फिरलेली बाई. लसींचा डबा, गरोदर बायांच्या याद्या, तान्ह्या पोरांचे ताप, आणि घरी आलं की घर. हल्ली रात्री झोप पुरेशी व्हायची, तरी सकाळी अंग जड ते जडच. महिन्यापूर्वी तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. कोणी एक बाई सायकलला बॅगा बांधून एकटीच निघालेली, आणि वाटेत झाडाखाली बसून पेरू खात होती. पाच मिनिटं नुसता पेरू. त्या पाच मिनिटांत तिला कोणी हाक मारली नाही. माधवीनं तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की शेवटी चार दिवसांच्या रजेचा अर्ज टाकून मोकळी झाली. सेलूहून सिंदी, पुढे एका गावच्या बुद्धविहारात मुक्काम, मग समुद्रपूरवरून गिरड, आणि सावकाश परत. चार दिवस तिच्याकडे कोणाचं काही काम नसेल. तिला दुसरं काहीही नको होतं.

"मॅडम, ही घ्या. शॉकरवाली," दुकानदार गोपाल म्हणाला. "खड्डा आला का समजतच नाई."

तिनं ती उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. "ही तं मलेच ओढा लागते. आणि पातळ टायरवाली नको, तिकडच्या रस्त्यांवर टिकणार नाई. खेड्यात पंक्चर निघालं पाहिजे."

गोपालनं मग मध्यम टायरची, बिनशॉकरची, सात गिअरची एक साधी सायकल पुढे आणली. सीट तिच्या कमरेच्या हाडाशी लावून पाहिली, उंची जुळवली. चक्कर मारून आल्यावर माधवीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. "आता लांबच्या सफरीले लोक कॅरिअर लावत नाई," तो म्हणाला. "सीटच्या मागे एक लंबी बॅग येते, हँडलले एक छोटी. सोताचं सामान मावलं, बस."

पण बिनकॅरिअरची सायकल माधवीच्या डोळ्यांना बघवेना. कॅरिअर तर पाहिजेच, ती म्हणाली, आणि दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या बॅगाही. हौसेनं घेतल्या हो तिनं, चांगल्या मोठ्या बघून घेतल्या. पुढचं सगळं रामायण त्या मोठ्या बॅगांनीच घडवलं.

सामानाचं वजन कमी ठेवायचं, हे तिनं व्हिडिओतून शिकून घेतलं होतं. उपकेंद्रात डिजिटल काटा आल्यापासून बाळं तोलायचा जुना स्प्रिंगकाटा घरीच पडून होता. तो तिनं दाराच्या कडीला अडकवला आणि झोळीत एकेक वस्तू घालून तोलली. झोपायची पिशवी सव्वा किलो. "कमी दिवसांचं बाळ हाय," ती स्वतःशीच म्हणाली. गरम जाकीट, पंप, पंक्चरचं सामान, कपड्यांचा एक जोड, टॉर्च, सगळं मिळून सहा किलो भरलं. बॅगा अर्ध्या रिकाम्या राहिल्या. त्या रिकाम्या बॅगा बघून तिला फार बरं वाटलं.

सासूबाईंनाही बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "सिंदीवरून जातच आहेस तं जागृतीले तुरीची दाळ नेऊन देजो. पाचच किलो हाय."

जागृती म्हणजे माधवीची नणंद, सिंदीला दिलेली. लेकीकडे जाणाऱ्याला सासू डाळीशिवाय कशी सोडेल? त्यात काय एवढं. मग नवऱ्यानं, अश्विननं, समुद्रपूरच्या प्रेमदासमामांच्या सहीचे कागद काढले, आणि कागदांसोबत मामांच्या गुडघ्याचा पट्टा आणि एक जुना मिक्सर, जो मामींना दिवाळीपासून कबूल केलेला होता. उपकेंद्रातली आशाताई रक्षा संध्याकाळी धावत आली. "सिस्टर, गिरडले जातच आहा तं दर्ग्यावर माझ्या नवसाचे नारळ चढवून देजा ना. मले काई जमून नाई राह्यलं." नारळ पाच होते. यातल्या एकाही माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे कोणी कुठे निघालं की त्याच्या हाती काहीतरी द्यायचंच असतं. रिकाम्या हातानं जाणारा माणूस आम्हाला सहन होत नाही.

आणि माधवीला नाही म्हणता येत नव्हतं. तिनं पुन्हा काटा लावला. मिक्सर काही केल्या मावेना, तेव्हा तिनं झोपायची पिशवी बाहेर काढली. नारळांसाठी जाकीट काढलं. स्वतःचं सामान स्वतःच्या हातानं परत कपाटात ठेवताना तिला चूक लक्षात आली नाही असं नाही. पण भांडायला अंगात जोर लागतो, आणि तो तिच्यात उरलेला नव्हता.

जानेवारीतल्या त्या सकाळी ती निघाली तेव्हा सायकल चढावर डुलत होती. दोन्ही बाजूंना कपाशीची वाळलेली शेतं, मधूनच हरभरा, पण तिचं लक्ष मिक्सर सटकतोय का याकडेच. वाटेत एका बोरीखाली थांबावंसं वाटलं. थांबली असती, पण उभी सायकल एवढ्या वजनानं आडवी व्हायची. सिंदीला पोचली तेव्हा मांड्या थरथरत होत्या.

जागृतीनं आनंदानं डाळ उतरवून घेतली. चहा झाला. डाळीसोबत सासूबाईंनी लाडवांचा डबा दिला होता, तो रिकामा परत जाणार कसा? जागृतीनं त्यात जवसाची चटणी भरली. मग आतून एक कॅन घेऊन आली. "वहिनी, समुद्रपूरले जातच आहेस तं मामाले हे करडीचं तेल देऊन देजो. आता दाळ उतरली, तं जागा झालीच हाय."

माधवी ओट्यावर बसली होती. तिनं कॅनकडे पाहिलं आणि तिला रडूच कोसळलं. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी वाहत राहिलं. जागृती घाबरली.

"काऊन व वहिनी? काई दुखून राह्यलं का?"

"थकली मी, जागृती."

"मग आराम कर ना. सायकल इथंच ठेव, संध्याकाळी बसनं परत जाजो."

"एक दिवस बसून जाणारा थकवा नाई हा." माधवी उठली. बॅगांचे बंद सोडले. मिक्सर काढून ओट्यावर ठेवला, मग पट्टा, कागद, एकेक करत पाचही नारळ. चटणीचा डबाही ठेवला. "हे सारं इथं राहू दे. मामाचं सामान अश्विन स्वतः नेईल. नवस रक्षाचा हाय, तिनं जावं. मी कोणाकडेच नाई जाऊन राह्यली."

जागृतीला खरंच समजेना. "मग तिकडे तुझं काम काय हाय?"

"काईच काम नाई."

"तरी जाशील?"

"हो."

बॅगांत आता कपड्यांचा एक जोड, पंप, पंक्चरचं सामान आणि टॉर्च एवढंच उरलं. माधवीनं आत हात घालून पाहिलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं. रात्री विहाराच्या उघड्या हॉलमध्ये निजायचं होतं आणि तिच्याजवळ पांघरायला काही नव्हतं. बावीस वर्षं ती इतरांना देत आली होती. मागायची वेळच आली नव्हती, त्यामुळे मागायचे शब्द तिला लवकर सापडेनात.

"जागृती, मले... पांघरायले काई देशील का?"

जागृती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात तिची स्वतःची, रोजच्या अंथरुणातली जाड गोधडी होती. तिनं ती घट्ट गुंडाळली आणि कॅरिअरला दोरीनं आवळून बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"एकटीनं भेव नाई वाटत, वहिनी?"

"वाटते," माधवी म्हणाली. "पण हे भेव तरी माझं स्वतःचं हाय."

फाटकापर्यंत सायकल जागृतीनंच ढकलत नेली, आणि वहिनी वळणावरून दिसेनाशी झाली तरी बराच वेळ ती तिथंच उभी होती.