नळीत मावतील तेवढ्या काठ्या

नेल्डाचे कपडे तिसऱ्यांदा बॅगेतून बाहेर आले होते. पलंगावर नीट घडी घालून ठेवलेले, वर तिच्या चपला. बॅगेत आता रबरी गांडुळांची पाकिटं होती. काळी-निळी, जांभळी, कलिंगडाच्या सालीसारखी हिरवी. माशांना आवडतो म्हणून त्यांना बडीशेपेचा वास लावलेला असतो, तो सगळ्या खोलीभर पसरला होता.

"हॉइट," ती गॅरेजच्या दाराशी जाऊन म्हणाली, "ती माझी बॅग आहे."

"तुझीच आहे की." हॉइट पर्विस खाली वाकून कप्प्यांच्या डब्यात गळ लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, "विमानात पन्नास पौंड तुला मिळतात, पन्नास मला. तुझे कपडे भरतात बारा पौंड. उरलेले अडतीस काय हवेत सोडून द्यायचे?"

"मी बारा पौंडांत पाच दिवस काढायचे?"

"तळ्यावर कोण बघतंय तुला?"

नेल्डाने शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं चारशे पोरांचं जेवण वेळेवर वाढलं होतं. कुठे काय ठेवायचं आणि काय काढायचं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण या घरात मासेमारीचं सामान म्हणजे हॉइटचं राज्य, आणि त्या राज्यात तिचं काही चालत नसे.

मुळात या सहलीला ती जाणारच नव्हती. हॉइट आणि त्याचा दोस्त वेंडेल कागदाच्या गिरणीत चौतीस वर्षं एकाच पाळीत होते. अलाबामातल्या अर्ध्या तळ्यांवर दोघांनी मिळून बास जातीचे मासे पकडले होते, आणि निवृत्त झाल्यावर मेक्सिकोत, सिनालोआच्या डोंगरांतल्या तळ्यावर जायचं असं त्यांचं कधीपासून ठरलं होतं. तिथला बास म्हणे तोंड उघडतो तर त्यात बादली मावते. तिकिटं झाली, कॅम्पवरची खोली झाली, आणि जायला तीन आठवडे असताना वेंडेलचं पित्ताशय बिघडलं. ते काढावं लागलं. त्याची जागा मोकळी राहिली, ती नेल्डाला मिळाली.

ती सहा वर्षांची असल्यापासून काठावरून मासे धरत होती, वडिलांनी शिकवलं होतं. पण हॉइटच्या होडीत ती लग्नानंतरच्या एक्केचाळीस वर्षांत दहा वेळा बसली असेल. होडीत दोन खुर्च्या, आणि दुसरी वेंडेलची.

पलंगावरचे कपडे उचलून तिने पुन्हा बॅगेत कोंबले. हॉइट आत आला, हातात मासे तोलायचा काटा. बॅगेची मूठ त्याने काट्याच्या आकड्यात अडकवली आणि डाव्या हाताने उचलली.

"त्रेसष्ट."

नेल्डाने न्हाणीघरातला वजनकाटा आणून त्यावर बॅग ठेवली. "अठ्ठावन्न."

"मग हा माशांचा काटा जास्त दाखवतो."

"वीस वर्षं जास्तच दाखवतोय," नेल्डा म्हणाली. "तेव्हा नाही कधी तक्रार केलीस."

हॉइट हसला नाही. त्याने रबरी गांडुळांची दोन पाकिटं काढली, गॅरेजमध्ये गेला, आणि शिशाच्या गोळ्यांची पिशवी घेऊन परत आला. ती त्याने बॅगेच्या कोपऱ्यात सारली.

"अरे, आत्ता तर काढलंस."

"रबर काढलं. शिसं नको का? शिशाशिवाय रबर बुडणार कसं?"

तेवढ्यात फोन वाजला. वेंडेल होता. तो अंथरुणात पडून दिवसातून सहा वेळा फोन करी. त्याचा कुणी चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वी त्या तळ्यावर जाऊन आला होता, आणि त्याला रोज काहीतरी नवं आठवे.

"नेल्डा, त्याला सांग, रबराचं विसरून जा. चुलतभाऊ म्हणतो, खोल बुडणारे नकली मासे लागतात तिथे. मोठे. हाताच्या पंज्याएवढे. वीस फूट खाली जाणारे."

"काल तूच म्हणालास, जांभळ्या गांडुळांशिवाय दुसरं काही नको."

"काल त्याला नीट आठवत नव्हतं."

"वेंडेल, तू झोप. डॉक्टरांनी झोपायला सांगितलंय."

पण हॉइटने ऐकलं होतं. रात्रीच्या जेवणाआधी खोल बुडणाऱ्या माशांचे दोन डबे भरले गेले. प्रत्येक माशाला तीन-तीन गळ. ते ओढायला गळाच्या जाड काठ्या आणि मोठी रिळं लागणार. नेल्डा शेगडीवरचा राजमा ढवळत ते बघत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, जिच्याबद्दल या घरात बोलायची सोय नव्हती.

हॉइटचा उजवा खांदा गेला होता. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी स्नायू फाटल्याचं सांगितलं होतं. ऑपरेशन करा, नाहीतर वाढेल. हॉइट म्हणाला, उन्हाळ्यात बघू. आता जानेवारी होता. वरच्या फडताळातला कप त्याला काढता येत नव्हता, दाढी तो डाव्या हाताने करत होता, आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, झोपेत अवघडला. तसला खोल बुडणारा मासा दिवसभर फेकून ओढायचा म्हणजे धडधाकट माणसाचाही हात उतरतो.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच फेरिसच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेली. तिला एक हलकी काठी हवी होती, बारीक तंगुसाची दोरी, छोटे गळ. मनगटाने फेकता येईल, खांदा वर करावा लागणार नाही असं.

"मिस नेल्डा, हॉइटला हे चालायचं नाही," फेरिस म्हणाला. "तो अशी काठी हातात धरत नाही."

"मी माझ्यासाठी घेतेय."

"तुमच्यासाठी तर त्याने परवाच एक नेली."

"माहीत आहे. मला दोन हव्यात."

फेरिसने तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि पिवळ्या मुठीची काठी काढून दिली.

काठ्या न्यायला हॉइटने पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपची नळी केली होती, दोन्ही टोकांना झाकणं. त्यात सहा काठ्या मावत होत्या. पाच त्याच्या, एक तिची. तो बाहेर गाडीत हवा भरायला गेला तेव्हा नेल्डाने सातवी, पिवळ्या मुठीची, टॉवेलात गुंडाळून आत सरकवली. झाकण जेमतेम बसलं. तिला वाटलं, तिथे पोचल्यावर खांदा दुखला की हळूच हातात देऊ. आत्ता सांगितलं तर भांडण, आणि भांडून विमानात बसायची तिची इच्छा नव्हती.

बॅगांची वजनं मात्र शेवटी जुळली. रिळं तिने हातातल्या पिशवीत घेतली, शिसं अर्धं काढलं, आणि कपडे अंगावरच चढवले. हंट्सव्हिलच्या विमानतळावर ती दोन शर्ट आणि जाड जाकीट घालून घामाघूम उभी होती. काउंटरवर तिची बॅग एकोणपन्नास भरली, हॉइटची बरोबर पन्नास. हॉइटने तिच्याकडे असं बघितलं की जणू सगळं त्यानेच जमवलं.

माझातलानच्या विमानतळावरून गाडीने दोन तास, मग कॅम्प. खोलीत जाताच हॉइटने नळी उघडली आणि काठ्या भिंतीला लावल्या. नेल्डाने मोजल्या. सहा.

"पिवळ्या मुठीची कुठाय?"

"ती होय. झाकण लागत नव्हतं. काढून टाकली सकाळी. तुझी एक आहे ना?"

नेल्डा खुर्चीत बसली. "ती माझ्यासाठी नव्हती, हॉइट. तुझ्यासाठी होती."

"माझ्यासाठी? मी मागितली होती?"

"नाही मागितलीस. मागणारही नव्हतास."

"मग सांगायचं होतं."

ते मात्र खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं तिने. स्वच्छ सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, पण काठी आली असती.

पहाटे एव्हारिस्तो नावाचा नावाडी त्यांना घेऊन निघाला. पाण्यातून बुडालेल्या झाडांची टोकं वर आलेली, त्यांच्यावर बगळे. हॉइटने सगळ्यात जाड काठी घेतली आणि पंज्याएवढा नकली मासा फेकला. पहिले दहा-बारा लांब गेले. मग आखूड पडायला लागले. नऊच्या सुमाराला त्याचा मासा होडीपासून चार हातांवर धपकन पडला. त्याने डाव्या हाताने फेकून पाहिलं, तर गळ जाऊन झाडात अडकला.

"डॉन हॉइट," एव्हारिस्तो अदबीने म्हणाला, "हलकं काही नाही का? मासे खोडांच्या बुडाशी बसलेत. गळ हळू सोडायला लागतो. तुमच्या सेन्योरा करतायत तसं."

नेल्डाने तोवर चार धरले होते. हॉइटने काठी आडवी ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसला. कॅम्पवरच्या उसन्या काठ्या याच्याहून जाड होत्या, त्याने सकाळीच पाहिल्या होत्या.

दुपारपर्यंत तो सूचना देत राहिला. "खाली जाऊ दे. अगं, अजून खाली. आता थांब. ओढू नकोस."

"वेंडेललाही असंच सांगतोस?"

"वेंडेल ऐकतो."

"मग पुढच्या वेळी वेंडेलला आण," ती म्हणाली आणि पाठ फिरवून बसली. त्या दिवशी तिने अकरा धरले आणि एकाचाही धड आनंद झाला नाही. जाळी त्याने धरली, डाव्या हाताने, प्रत्येक वेळी.

दुसऱ्या दिवशी होडी किनाऱ्यापासून लांब गेल्यावर हॉइट म्हणाला, "एक तास तू, एक तास मी."

नेल्डाने घड्याळ बघून आपली हलकी काठी त्याच्याकडे दिली. तो बसूनच, कोपर पोटाला लावून, मनगटाने फेकायला लागला. जमत होतं. दोन लहान मासे आले, मग आणखी एक. मग तंगूस असं ताणलं गेलं की एव्हारिस्तोने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

मासा एकदा पाण्याबाहेर उडाला. नेल्डाने आयुष्यात एवढा बास पाहिला नव्हता. तो झाडांकडे वळला.

"काठी वर घ्या, डॉन हॉइट. वर. वर."

हॉइटने उचलायचा प्रयत्न केला. काठी छातीपर्यंत आली आणि तिथेच राहिली. नेल्डा उठून त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत तंगूस सैल पडलं होतं. मासा गेला.

एव्हारिस्तोने पाठ फिरवून इंजिनाची दोरी उगाच तपासली.

"ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं," हॉइट म्हणाला.

"मला माहीत आहे. मी शेजारच्याच खुर्चीवर होते."

"ऑपरेशन केलं असतं तर ही ट्रिप गेली असती."

"आणि आता?"

त्याने काठी तिच्याकडे दिली. तास संपायला वीस मिनिटं होती. तिने ती घेतली नाही. "तुझी वीस मिनिटं पुरी कर," ती म्हणाली. "नंतर म्हणशील, मी घेतली." त्याने वीस मिनिटं पुरी केली. काही लागलं नाही.

निघायच्या दिवशी तिथल्या रिवाजाप्रमाणे उरलेलं सामान नावाड्यांना द्यायचं असतं. हॉइटने खोल बुडणाऱ्या माशांचे दोन्ही डबे, न फोडलेली पाकिटं आणि सगळं शिसं एव्हारिस्तोला दिलं. एव्हारिस्तोने डबे हातात तोलून पाहिले आणि म्हणाला, "डॉन हॉइट, हे इतक्या लांबून आणलंत?"

घरी आल्यावर वेंडेलचा फोन आला तेव्हा नेल्डा कपडे धुवायला टाकत होती. हॉइटने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता.

"किती धरले रे?"

"नेल्डाने एकतीस."

"आणि तू?"

"मी सहा." जरा थांबून तो म्हणाला, "वेंडेल, माझा खांदा गेलाय. काठी उचलता येत नाही मला. गुरुवारी डॉक्टरकडे जातोय."

वेंडेल हळहळला, मग स्वतःच्या टाक्यांबद्दल सांगू लागला. नेल्डा दारात ऐकत उभी राहिली. चार महिने तिने हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. आणि ते वेंडेलला, फोनवर, जाता जाता. तिने हातातला टॉवेल मशीनमध्ये आदळला.

फोन संपल्यावर ती आत आली. "गुरुवार कोणी ठरवला?"

हॉइटने मान खाजवली. "अजून कोणी नाही. गुरुवारी जावं, असं म्हणायचं होतं मला."

"मग फोन लाव."

"आत्ता? जेवायची वेळ झाली डॉक्टरांची."

"लाव, हॉइट."

त्याने डाव्या हाताने फोन उचलला. पलीकडे वाजत राहिलं. नेल्डा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि कोणी उचलेपर्यंत तिथून हलली नाही.