अंग भरलंय म्हणे

मास्तरांची विजार पुन्हा कमरेत बसेना. शिंपी माणूस, त्याला काय अवघड! शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड उसवून त्यांनी कंबर सैल केली आणि आरशापुढे पोटावरून हात फिरवत म्हणाले, "अंग भरतंय बघ. सुखाचं लक्षण आहे."

काजं करत बसलेल्या बायकोनं मान वर केली नाही. डोंबलाचं सुख! निम्मं ताट परत येतंय, तोंडाला म्हणे लोखंडाची चव लागते, आणि अंग भरतंय? सकाळी उठले की डोळे सुजून बारीक झालेले. पाठ खाजवायला कापड मोजायचा गज घेऊन बसायचं. लघवीला साबणाच्या पाण्यासारखा फेस, तर त्यावर म्हणे, "उष्णता आहे." दुकानाच्या चार पायऱ्या चढताना छातीचा भाता हलायचा, पण तोरा तेवढा जागच्या जागी.

"पायमोज्याचं रबर किती रुतलंय बघा," ती म्हणाली.

"रबरच भिकार आहे."

ती उठली, त्यांच्यापुढे बसली आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडलाच, भरून येईना.

"हे मांस आहे? असं असतं मांस? दवाखान्यात चला, पाया पडते तुमच्या."

"गिऱ्हाइकं यायची वेळ झाली, तमाशे नकोत!" मास्तर खेकसले आणि पाठदुखीची गोळी शेंगदाण्यासारखी तोंडात टाकली. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र त्यांनी केव्हाच बंद केल्या होत्या. त्यांची म्हणे सवय लागते! अकलेचा नुसता महापूर.

मग एक दिवस कोटाचं माप घेता घेता मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगावरच कोसळले. श्वास पुरेना, ओठ काळेनिळे. तिनं आणि त्या गिऱ्हाइकानं मिळून त्यांना कसंबसं टॅक्सीत कोंबलं. तिथेही ते धापा टाकत बजावत होते, "काही नाही झालेलं, अपचन आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. "दोन्ही किडन्या आकसल्यात. रक्तदाब होताच, त्यात या वेदनाशामक गोळ्या. अंगात सगळं पाणी साठलंय. आता किडन्या पूर्ववत होणार नाहीत. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागेल, कायमचं. थोडं आधी आला असता, तर सावरता आलं असतं. कुणीच सांगितलं नाही का?"

मास्तरांनी नळी लावलेला हात जेमतेम उचलून बायकोकडे दाखवला. "ही सांगत होती. मीच म्हणायचो, तुला काय कळतंय."

एवढंच त्यांच्या तोंडून ऐकायला ती किती तडफडली होती! आणि आता ऐकलं, तर आपलं म्हणणं खरं ठरलं याचाच तिला संताप आला.

"बरोबरच म्हणायचे ते!" ती डॉक्टरीणबाईंवर उखडली. "मी काजं-बटणं करणारी बाई, मला काय कळतंय? तुमचंच काहीतरी चुकलंय. पुन्हा तपासा!"